एकाचा नकार आणि सर्वांची संमती

पोलिश समाज व्यक्तिनिष्ठ आणि जपानी समाज समूहनिष्ठ, असे ठोकळेबाज विधान समाजविषयक लेखनात वारंवार आढळते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु तेवढ्यावरच थांबल्यास दोन्ही समाजांविषयी गैरसमजच पदरी पडेल. म्हणून या दोन विशेषणांमागे कोणता इतिहास उभा आहे, हे थोडक्यात पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

पोलंडमधील श्लाख्ता, म्हणजे कुलीन वर्ग, लोकसंख्येच्या सुमारे आठ ते दहा टक्के होता. इतर युरोपीय राष्ट्रांच्या मानाने हे प्रमाण फार मोठे होते. १५७३ पासून राजाची निवडही हाच वर्ग करू लागला. त्यातील निर्धन गृहस्थदेखील कायद्याने बड्या सरदाराच्या बरोबरीचा मानला जाई. या समतेचे टोक म्हणजे 'लिबेरुम वेटो', अर्थात एकट्या प्रतिनिधीचा नकाराधिकार. १६५२ मध्ये शिचिन्स्की नावाच्या प्रतिनिधीने सेयम या संसदेची मुदत वाढविण्यास एकट्याने हरकत घेतली आणि अधिवेशन निष्फळ ठरले. पुढे तोच प्रघात पडला. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने हा अधिकार रद्द केला खरा, पण तोवर शेजारी प्रबळ झाले होते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत ते राज्यच नाहीसे झाले.

जपानात तोकुगावा राजवटीने (१६०३–१८६८) निराळी घडी बसविली. पाच-पाच घरांचे 'गोनिनगुमी' हे गट कर आणि गुन्हे यांबद्दल सामुदायिकरीत्या जबाबदार धरले जात. भातशेतीचे पाणीही गावाने मिळूनच वाटून घ्यावे लागे. गावाची रीत मोडणाऱ्यास 'मुराहाचिबु' हा बहिष्कार भोगावा लागे. आग आणि अंत्यविधी एवढे दोन प्रसंग सोडून गाव त्याच्याशी व्यवहार तोडी. आपल्याकडील वाळीत टाकण्याच्या प्रथेशी याचे साम्य वाचकांच्या ध्यानात येईलच.

आता एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एकमताचा आग्रह दोन्हीकडे होता. पोलिश सभेत एकाने उघड 'नाही' म्हणताच निर्णय कोसळे. जपानी रीतीत ते 'नाही' सभेत उच्चारण्याची वेळच येऊ नये म्हणून आधी प्रत्येकाला खासगीत भेटून त्याचे मन जाणून घेतले जाते. यास 'नेमावाशी' म्हणतात. झाड हलविण्यापूर्वी मुळांभोवती खणून तयारी करणे, हा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे व्यक्तीचे मत तेथेही मोजले जाते. फक्त ते चारचौघांत मांडले जात नाही.

उलट, पोलिश माणूस एकटा राहतो असेही नव्हे. १९१८ पर्यंत स्वतःचे राज्य नसताना भाषा, कुटुंब आणि चर्च यांनीच ते राष्ट्र जगविले. रशियन अमलाखालील वॉर्सात गुप्तपणे भरणारे 'फिरते विद्यापीठ' याचीच साक्ष देते. मारी क्युरी तेथे शिकल्या होत्या. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांनी तेथे शाळा, चर्च, रंगभूमी आणि बालवीर पथके उभी केली. १९८० मध्ये स्थापन झालेल्या 'सॉलिडॅरिटी' संघटनेची सभासदसंख्या तर सुमारे एक कोटीवर गेली. सत्तेला नकार देण्यासाठीच हा समाज एकत्र आला, असे म्हणावयास हरकत नाही.

जपानातही व्यक्तिवादाचा विचार झालाच नाही असे नाही. १९१४ मध्ये कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी गाकुशुइन येथील विद्यार्थ्यांपुढे याच विषयावर व्याख्यान दिले. स्वतःचे वैशिष्ट्य जपू पाहणाऱ्याने दुसऱ्याच्या वैशिष्ट्याचाही मान राखला पाहिजे आणि अधिकाराबरोबर जबाबदारी स्वीकारली पाहिजे, हे त्याचे सार होते.

तात्पर्य, समाज व्यक्तिनिष्ठ की समूहनिष्ठ, हा प्रश्न अपुरा आहे. एखाद्याचा नकार तेथे कोठे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत ऐकला जातो, हे विचारणे अधिक फलदायी होय. वर्गात परसंस्कृतीचा परिचय करून देताना शिक्षकांनी हाच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते; कारण एकदा चिकटविलेली विशेषणे विद्यार्थ्यांच्या मनातून सहसा निघत नाहीत.