औषध परत बोलावले, पण घरातल्या डबीचे काय?

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात घट्ट, चिकट स्राव फुप्फुसांत आणि स्वादुपिंडात साचतो. त्यामुळे बहुतेक रुग्णांना जेवणासोबत पाचक विकरांची कॅप्सूल घ्यावी लागते, तीही आयुष्यभर. अशा घरात औषधाची एक बॅच सदोष निघाली, तर डबी फेकून देऊन भागत नाही. संध्याकाळच्या जेवणाआधी दुसरी हाताशी लागते. जालन्यातल्या मंठा किंवा परतूरच्या कुटुंबाला तिच्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले, तर अख्खा दिवस मोडतो.

महाराष्ट्राने सदोष औषधाची किंमत मोजली आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले; न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपची एसआर-१३ ही बॅच वापरू नका, असा इशारा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावा लागला. बॅच परत मागवण्याबाबत केंद्राच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. पण दुकानातला साठा परत गेला म्हणजे घरातली डबी परत गेली, असे होत नाही.

म्हणून सदोष बॅचची सूचना थेट रुग्णाच्या घरी पोचायला हवी. तिने घबराट पसरेल, लोक चांगले औषधही सोडतील, हा आक्षेप रास्त आहे. पण घबराट पसरते ती मोघम बातमीने. बॅच क्रमांक आणि पर्यायी औषध एकाच निरोपात कळवले, तर उपचार खंडित होत नाहीत. त्यासाठी औषधविक्रेत्याने कायमच्या रुग्णांचे फोन नंबर नोंदवून ठेवावेत. कुटुंबानेही बॅच क्रमांक असलेले पक्के बिल मागावे, ते जपून ठेवावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये.