सुट्टीत मुलांना मुंबई दाखवू या, पण कर्ज न काढता



वार्षिक परीक्षा संपली की घरोघरी एकच धोशा सुरू होतो, "आई, मुंबईला कधी जायचं?" आपल्यापैकी कितीतरी जणींचे दीर, भाऊ, नणंदा लालबाग, परळ, दादर, गिरगावात राहतात. सासरे नाहीतर वडील गिरणीत होते, तेव्हापासूनची ती खोली. त्यामुळे राहायची सोय असते. प्रश्न येतो तो खर्चाचा.

नेहमी होतं काय, तर आपण मे महिन्यात गटातून कर्ज उचलतो. मुंबईत गेलं की कुणीतरी म्हणतं, पोरांना मॉल दाखवा. पोरं सरकत्या जिन्यावर वरखाली करतात, शंभराची वस्तू तीनशेला घेतात. चार दिवसांत पैसे संपतात. गावी आलो की जून उभाच असतो. वह्या, दप्तर, गणवेश, बियाणं, खत आणि वर कर्जाचा हप्ता. मुलांना विचारलं, मुंबईत काय बघितलं? तर दुकानं!

म्हणून या वेळी ठरवू या. मुंबई दाखवायची, पण हिशोबात. चांगली गोष्ट अशी की लालबाग ते गिरगाव या पट्ट्यात मुलांना दाखवण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट किंवा थोड्या पैशांत आहे.

आधी हिशोब

समजा गटातून ५,००० रुपये घेतले, व्याज महिना २ टक्के, आणि दर महिन्याला ५०० रुपये मुद्दल फेडली. उरलेल्या रकमेवर व्याज धरलं तरी दहा महिन्यांत ५५० रुपये व्याजाचे जातात. शेतीला, धंद्याला कर्ज काढलं तर त्यातून चार पैसे परत येतात. फिरण्यातून येत नाहीत.

त्याऐवजी जुलैपासून एप्रिलपर्यंत महिन्याला १५० रुपये बाजूला टाका. दहा महिन्यांत १,५०० रुपये होतात. गटाच्या वहीत "मुलांची सुट्टी" असा वेगळा रकाना करा. ज्यांना जमेल त्यांनी १५०, ज्यांना नाही त्यांनी ५०. मुलांनाही सांगा. गणपतीत, दिवाळीत हातावर पडलेल्या दहा-वीस रुपयांतले थोडे त्यात घालू द्या. स्वतःचे पैसे घातले की पोरं मागताना विचार करतात.

प्रवासाचंही बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं. ही महिलांची सवलत एसटीची आहे, मुंबईतल्या बेस्टच्या बसला ती धरू नका. बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी तिकीट २०२५ साली १० रुपये झालं.

आता चार दिवसांचा बेत बघू. एका दिवसाला एकच भाग. जास्त कोंबलं की मुलं कंटाळतात, आपले पाय दुखतात आणि मग रिक्षा-टॅक्सीत पैसे जातात.

पहिला दिवस : राणीची बाग

भायखळ्याची राणीची बाग आपल्या सासूबाईंनीही बघितली असेल. १८६२ साली ती लोकांसाठी उघडली. आता नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लालबागहून जाणाऱ्यांना सोपं आहे. लालबाग आणि राणीची बाग दोन्ही डॉ. आंबेडकर रस्त्यावरच आहेत, सरळ बस मिळते. लोकलने आलात तर मध्य रेल्वेच्या भायखळा स्टेशनला उतरून चालत जाता येतं.

बुधवारी बाग बंद असते, हे लक्षात ठेवा. नाहीतर पोरांना घेऊन दारातून परत यावं लागेल. २०१७ साली तिकीट मोठ्यांना ५० रुपये आणि लहानांना २५ रुपये असं झालं. जाण्याआधी चालू दर एकदा विचारून घ्या.

मुलांची सगळ्यात मोठी हौस म्हणजे पेंग्विन. २०१६ साली ते इथे आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळू लागले. मुलांना एक गंमत सांगा. पेंग्विन म्हटला की आपल्याला बर्फ आठवतो. पण ही हंबोल्ट जात दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावर राहते, बर्फात नाही. तिथला समुद्र थंड असतो, म्हणून इथे त्यांना काचेच्या गार खोलीत ठेवलं आहे.

झाडं बघायला विसरू नका. गोरखचिंचेचं जाड बुंध्याचं झाड दाखवा. गावातली कोणती झाडं इथे सापडतात ते मुलांना मोजायला सांगा. झाडं ओळखण्यात आपली पोरं मुंबईच्या पोरांना हरवतील!

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं. तेही बुधवारी बंद असतं. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, गरिबांवर फुकट उपचार करणारे डॉक्टर. आत जुन्या काळचे लोक, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे मातीच्या लहान बाहुल्यांतून दाखवले आहेत. मुलं तिथे रमतात. बाहेर दगडी हत्ती आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा, आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं.

खर्च : एक आई आणि दोन मुलं धरली तर तिकीट १००, जाऊन-येऊन बस ६०, वरखर्च ६०. एकूण २२० रुपये. भाकरी-भाजीचा डबा आणि पाण्याची बाटली घरून घ्या. डबा कुठे उघडायचा ते फाटकावर विचारा.

दुसरा दिवस : गिरगाव

पश्चिम रेल्वेच्या चर्नी रोड किंवा ग्रँट रोड स्टेशनला उतरा. आधी गावदेवीतल्या मणिभवनात जा. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधी मुंबईत आले की इथे उतरत. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे याच घराच्या गच्चीवरच्या तंबूतून पोलिसांनी त्यांना पकडलं. गांधीजींच्या जन्मापासून शेवटापर्यंतचे प्रसंग लहान लहान बाहुल्यांतून मांडले आहेत, त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलालाही गोष्ट कळते. ज्यांच्या आजीने कापूस वेचला, त्या मुलांना चरखाही दाखवा. 

तिथून चालत गिरगाव चौपाटी. ऊन उतरल्यावर जा. वाळूत किल्ला करायला मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. लोकमान्य टिळकांचा पुतळा दाखवा. १९२० साली त्यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले. पाण्यात मात्र सोडू नका. गावच्या नदीत पोहणारा मुलगा असला तरी समुद्र वेगळा. भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात तर काठापासूनही लांब राहा.

खर्च : जाऊन-येऊन १०० आणि भेळेचे १०० धरा. दोन प्लेट तिघांत होतात.

तिसरा दिवस : दादर

दुपारनंतर शिवाजी पार्कला जा. १९२५ पासूनचं हे मैदान. सचिन तेंडुलकर इथेच रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झाला, एवढं सांगितलं की मुलगे थांबणार नाहीत. पण मुलींना, आणि मुलांनाही, मैदानावरच्या समर्थ व्यायाम मंदिराकडे न्या. तेही १९२५ चंच. इथे मल्लखांब शिकवतात. खांबावर आणि दोरीवर मुलं-मुली ज्या सफाईने चढतात ते बघण्यासारखं असतं. इथले शिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मल्लखांब आपल्या मातीतला खेळ आहे. पेशव्यांच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी तो पुढे आणला. मुलीने "मला पण शिकायचंय" म्हटलं तर हसण्यावारी नेऊ नका. गावच्या शाळेत सरांना विचारा.

जवळच समुद्रकाठी चैत्यभूमी आहे. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब आंबेडकरांवर इथे अंत्यसंस्कार झाले. दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत त्यांचं घर आहे, राजगृह. हे घर बांधताना त्यांनी आपल्या पुस्तकांसाठी मुद्दाम जागा केली होती. खालच्या मजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू बघायला मिळतात. शाळेला कंटाळणाऱ्या पोराला ते घर जरूर दाखवा.

खर्च : बस आणि वडापाव मिळून १५० रुपये.

चौथा दिवस : लालबाग-परळ, आजोबांची मुंबई

हा दिवस पायी. खोलीतल्या जुन्या माणसाला बरोबर घ्या. मामा असो की चुलत सासरे, त्यांना म्हणा, तुम्ही कुठे कामाला जात होता ते पोरांना दाखवा. कोणती गिरणी, कितीचा भोंगा, कोणती पाळी, एका खोलीत गावची किती माणसं झोपायची, मनिऑर्डर कुठून करायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट चालल्या नाहीत, आणि कितीतरी घरं गावाला परतली. त्यात आपलंही घर असेल.

आता मॉलचं सांगते. लोअर परळचा मोठा मॉल उभा आहे तो फिनिक्स मिलच्या जागेवर. पोरांनी हट्ट धरला तर बाहेरून दाखवा आणि सांगा, इथे आपली माणसं कापड काढायची. मग तो जिना त्यांना वेगळा दिसेल.

आणि बायकांची गोष्ट सांगायची राहू देऊ नका. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळी याच भागातल्या बायका चालवत. किराणा उधारीवर, पैसा सावकाराचा, दिवसभर चुलीपुढे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली ती १९९२ साली. म्हणजे त्याच्या १७ वर्षं आधी परळ-लालबागच्या बायका एकमेकींच्या भरवशावर बँकेत जाऊन बसल्या होत्या. आपण गटात बसतो ती वाट त्यांनीही तुडवली आहे. हे मुलींना कळलं पाहिजे.

खर्च : चहा-बिस्किटाचे ५० रुपये. लालबागच्या चिवड्याचं एक पाकीट गावाला न्यायला घेतलं तर ते वेगळं.

चार दिवसांची बेरीज केली तर ६२० रुपये होते. १,५०० मधले उरलेले एसटीला आणि अडीनडीला.

मूल हरवू नये म्हणून

- घर सोडण्याआधी प्रत्येक मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवा : मुलाचं नाव, तुमचा मोबाईल नंबर आणि ज्यांच्याकडे उतरलात त्यांचा नंबर. मोठ्या मुलांकडून नंबर पाठ करून घ्या.
- रोज सकाळी मुलांचा मोबाईलवर एक फोटो काढा. कोणते कपडे घातलेत ते घाईत आठवत नाही.
- मुलांना सांगून ठेवा : चुकलात तर तिथेच उभे राहा, पोलिसांना किंवा लेकरू बरोबर असलेल्या बाईला सांगा. मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८, पोलिसांचा ११२.
- लोकलने सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ जाऊ नका. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात बसू शकतो.
- आपण गाडीत चढलो आणि मूल फलाटावर राहिलं, तर पुढच्या स्टेशनला उतरून परत या. मुलाने फलाट सोडायचा नाही, हे आधीच ठरवा.

ज्यांच्याकडे उतरतो त्यांचंही बघा

दहा बाय बाराच्या खोलीत आपण तिघं-चौघं वाढतो. जाताना तांदूळ, कडधान्य, आंबे जे असेल ते न्या. सकाळी भांडी-पाणी उरकायला हात लावा आणि दिवसा बाहेर पडा, म्हणजे वहिनीलाही उसंत मिळते. जमलं तर एक दिवस तिलाही बरोबर घ्या. लालबागला वीस वर्षं राहून राणीची बाग न बघितलेल्या बायका आहेत.

आणि ताई, तुम्हीही बघा. पिशव्या आणि चपला सांभाळत बाकावर बसून राहू नका. ही सुट्टी तुमचीही आहे.

परत आल्यावर

जूनच्या पहिल्या बैठकीत मुलांना बोलवा. प्रत्येकाने काय बघितलं ते सांगू दे. मग जी मुलं गेली नाहीत त्यांनाही घेऊन एक काम करा. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जशा बाहुल्या आहेत तशा आपल्या गावच्या करा. कुंभार, सुतार, शेळ्या राखणारी आजी, पापड लाटणारा आपला गट. माती फुकट आहे, हात आपलेच आहेत. शाळेच्या व्हरांड्यात मांडा आणि सरपंचांना बघायला बोलवा.

या महिन्याच्या बैठकीत "मुलांची सुट्टी" हा रकाना उघडायचा का, एवढा एकच विषय घ्या. किती जणी तयार आहेत ते ठराव वहीत लिहा आणि संघाच्या कार्यकर्तीला कळवा.