खुशालीची मोजदाद

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च भागात रहिवाशांच्या खुशालीची पहिली पाहणी २०१२ च्या उत्तरार्धात झाली. तोवर ४ सप्टेंबर २०१० चा ७.१ तीव्रतेचा भूकंप आणि २२ फेब्रुवारी २०११ चा, १८५ जणांचे प्राण घेणारा धक्का होऊन गेला होता. पुनर्उभारणीसाठी सरकारने स्थापन केलेल्या ‘सेरा’ या प्राधिकरणाने ही पाहणी हाती घेतली. पाडकाम आणि रस्ते पाहणाऱ्या खात्याने ‘तुम्ही कसे आहात?’ असे विचारावे, हे त्या काळातले एक शहाणपण.

मतदारयादीतून यादृच्छिक पद्धतीने नावे निवडली जात, घरी पत्र येई. उत्तर ऑनलाइन द्यायचे किंवा कागदावर. शहराबरोबर सेल्विन आणि वायमाकरिरी हे शेजारचे जिल्हेही होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधाने जोडली गेली: मागच्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजेतवाने वाटले का, दिवसात रस घ्यावा असे काही होते का. २५ पैकी १३ हून कमी गुण म्हणजे काळजीचे कारण. मात्र सर्वस्व गमावून जे दुसऱ्या प्रांतात निघून गेले, ते या हिशेबाबाहेरच राहिले.

पहिली काही वर्षे दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न विचारले गेले, आणि त्यातूनच खरी गोष्ट उघड झाली. धक्क्यांची धास्ती हळूहळू ओसरत गेली; विम्याची मात्र नाही. घराच्या नुकसानीचे पहिले एक लाख डॉलर सरकारी भूकंप आयोगाने द्यायचे, त्यापुढचे खासगी कंपनीने. साहजिकच नुकसान त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावर वर्षे गेली. एक तपासनीस येऊन भेगा मोजे, दुसरा येऊन त्या जुन्याच ठरवी. सुमारे ८,००० घरे ‘रेड झोन’मध्ये, म्हणजे पुन्हा घरे न बांधण्याच्या पट्ट्यात गेली; तिथल्या मालकांपुढे २००७ च्या सरकारी मूल्यांकनावर आधारलेला सरकारी खरेदीचा देकार ठेवला गेला. विमा दाव्यांचा मनस्ताप, दुरुस्तीचे निर्णय, मोडक्या परिसरातले जगणे ही उत्तरे पाहणीत पुन्हा पुन्हा आली. अल्प उत्पन्नाच्या आणि अपंग रहिवाशांची अवस्था इतरांहून वाईट दिसे. कुटुंब जवळ आले, आपण तग धरला याचा अभिमान वाटतो, असेही लोक लिहीत. अधिकाऱ्यांना हे ऐकायला अर्थातच अधिक आवडे.

भूकंपानंतर मध्यवर्ती शहराभोवती घातलेले कुंपण २०१३ च्या जूनमध्ये निघाले. त्यानंतरची वर्षे बांधकामाच्या उद्घाटनांची. त्यांत सांगण्यासारखे थोडे. एप्रिल २०१६ मध्ये सेरा बंद झाले. पाहणी स्थानिक आरोग्य मंडळाकडे गेली आणि पुढे वर्षातून एकदाच होऊ लागली.

भूकंप आयोगाच्या कारभाराची सार्वजनिक चौकशी नेमायला २०१८ उजाडले. चौकशी करणाऱ्या डेम सिल्व्हिया कार्टराइट यांचा अहवाल २०२० मध्ये आला. दावेदारांच्या ज्या मनस्तापाची त्याने दखल घेतली, तो पाहणीच्या उत्तरांत त्याच्या आठ वर्षे आधीच नोंदलेला होता.