फेस ओसरल्यावरही नदीतला किडा सांगतो

आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की पाण्याचे नमुने घेतले जातात, बीओडीचे (जैविक प्राणवायू मागणीचे) आकडे छापून येतात. तळाच्या दगडांना बिलगून राहणाऱ्या किड्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक बाटलीतला नमुना त्या घटकेचे पाणी दाखवतो. अशा किड्यांपैकी मेफ्लायची अळी आठवडेच्या आठवडे त्याच पाण्यात वाढते आणि त्याचे परिणाम तिच्या पेशींत सापडतात.

प्राणवायू वापरताना पेशीत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे अतिक्रियाशील रेणू तयार होतच असतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटलेज ही विकरे त्यांचा निचरा करतात, ग्लुटाथायोन त्यांना साथ देते. निचरा अपुरा पडला की पेशीपटलातील मेदाला आणि डीएनएला इजा होते. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. सांडपाण्यातले तांबे पेरॉक्साइडपासून त्याहून घातक हायड्रॉक्सिल मूलके घडवते. कॅडमियम ग्लुटाथायोनलाच अडकवून ठेवते.

घरगुती मैलापाण्याची गोष्ट वेगळी आणि जास्त दुर्लक्षित. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजते. मग दुपारी पाण्यात प्राणवायू भरपूर आणि पहाटे जेमतेम. टंचाईनंतर तो एकदम परतला की पेशीच्या मायटोकाँड्रियात हे अतिक्रियाशील रेणू झपाट्याने वाढतात. दुपारचा नमुना मात्र आंघोळीच्या पाण्यासाठी घातलेल्या लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायूच्या अटीत बसू शकतो. पहाटेचे हाल अहवालात येतच नाहीत, आणि ही त्रुटी गंभीर आहे.

मेफ्लायच्या अळीच्या पोटाच्या दोन्ही कडांना पातळ, उघडे कल्ले असतात, त्यामुळे तिला हा ताण लवकर सोसेनासा होतो. याउलट कायरोनोमस या चिलटाच्या अळीच्या रक्तात हिमोग्लोबिन असते; मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळणारी लालभडक अळी ती हीच. ती काळ्या गाळातही तग धरते. म्हणून बीएमडब्ल्यूपी या ब्रिटिश गुणपद्धतीत मेफ्लायच्या काही कुळांना 10 गुण, तर कायरोनोमसच्या कुळाला 2.

पण ही पद्धत किडे नाहीसे झाल्यावर बोलते. विकरे त्याआधीच बदलू लागतात. त्यांचे वाचन सोपे नाही. सौम्य प्रदूषणात ती वाढतात, तीव्र प्रदूषणात कोलमडतात, त्यामुळे कमी आकडा स्वच्छ पाण्याचाही असू शकतो आणि विषारी पाण्याचाही. म्हणून जोडीला मेदाच्या हानीतून उरणारे मॅलोनडायअल्डिहाइड मोजतात. शिवाय तापमान आणि वयानुसारही विकरे बदलत असल्याने तुलनेसाठी देहूच्या वरच्या आणि आळंदीच्या खालच्या अळ्या एकाच जातीच्या, सारख्या वाढीच्या आणि एकाच दिवशी धरलेल्या असाव्या लागतात.