पऱ्हाटीच्या पंपातला झीटा

दारव्हा-आर्णीकडच्या कुठल्याही कृषी केंद्रात पावसाळ्यात जा, युरियाच्या थप्पीशेजारी अर्ध्या लिटरची बाटली दिसेल : नॅनो युरिया. इफ्कोनं ती २०२१ मध्ये बाजारात आणली. झाकणानं मोजायची, पंपात ओतायची, वरून विहिरीचं पाणी भरायचं आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायचं. याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंपात काय पडतं, हा प्रश्न इथं कुणी हलक्यात घेऊ नये.

या बाटलीसाठी खत नियंत्रण आदेशात २०२१ मध्ये जी मानकं आली, त्यांत नत्राच्या टक्केवारीसोबत हे दोन आकडेही होते. कणाचा आकार २० ते ५० नॅनोमीटर आणि झीटा पोटेन्शियल ३० मिलिव्होल्टच्या वर. नत्र रसायनानं मोजता येतं. झीटा हा मात्र कणाच्या पृष्ठभागाचा गुण, आणि तो मोजतो प्रकाश.

झीटा समजायला प्रयोगशाळा लागत नाही, दुधाचं पातेलं पुरे. दुधात केसिनचे बारीक कण तरंगतात. त्यांच्या अंगावर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि दूध एकजीव राहतं. लिंबू पिळलं की आम्लता वाढते, ४.६ पीएचच्या आसपास तो भार शून्यावर येतो, कण एकमेकांना चिकटतात. दूध फाटलं. झीटा म्हणजे हे लोटण्याचं बळ सांगणारा आकडा. तो, धन असो वा ऋण, ३० च्या वर असेल तर द्रावण सहसा टिकतं, शून्याकडे घसरला की गुठळ्या.

मोजणारं यंत्र टेबलावर मावतं. आत लाल लेसर. नमुना भरायची प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवलेली, तिच्या दोन टोकांना सोन्याचा मुलामा दिलेले इलेक्ट्रोड. वीज सोडली की भारित कण उलट्या भाराकडे धावतात. त्यांच्यावरून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते. समोरून येणाऱ्या एसटीचा हॉर्न चढा वाटतो आणि पुढे गेल्यावर उतरतो, तसंच. या बदलावरून वेग कळतो, वेगावरून झीटा. आकारही हेच यंत्र सांगतं, पण वीज न लावता : बारीक कण पाण्यात जलद थरथरतात, जाडे संथ, आणि विखुरलेला प्रकाश त्याच लयीत लुकलुकतो. मात्र धुळीला इथं क्षमा नाही. इतके बारीक कण व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात प्रकाश विखुरतात. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका चमकतो. नीट न गाळलेल्या नमुन्यात यंत्र खताऐवजी धूळच मोजत बसतं.

प्रकाशाच्या इतरही वाटा आहेत. सोन्याचे सुटे कण ५२० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतात आणि पाणी माणकासारखं लाल दिसतं. कण चिकटले की ते जांभळं-निळं होतं. मायकेल फॅरेडेनं १८५७ मध्येच हे टिपलं होतं. चांदीच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूचा रामन संकेत, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशातली त्याची ओळखखूण, लाखो पटींनी वाढतो, त्यावर कीटकनाशकाचे अंशही ओळखता येतात. युरियाला ना सोन्याचा रंग, ना चांदीची झळाळी. त्याच्यासाठी झीटाच.

माझी अडचण पुढेच सुरू होते. मोजणी सहसा शुद्ध पाण्यात होते. आपल्या वावरातल्या विहिरीचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं. पाण्यात क्षार वाढले की कणाभोवतीचं भाराचं कवच आक्रसतं आणि झीटा उतरतो. ऋणभारित कणावर तर दोन धनभारांचा कॅल्शियम फारच जोरात काम करतो. त्यात युरिया मुळात पाण्यात विरघळणारा; त्याचा कण पाण्यात कण म्हणून उरतो तरी कसा, हाही प्रश्न आहेच. नॅनो युरियाच्या दाव्यांवर कोपनहेगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये जाहीरपणे शंका घेतली. शेतकऱ्याला उत्तर हवं आहे ते बाटलीतल्या द्रवाचं नव्हे, त्याच्या पंपातल्या पाण्याचं.

त्या वाकड्या नळीत जेमतेम मिलीभर नमुना मावतो. पांढरकवड्याच्या एखाद्या विहिरीचं पाणी, त्यात बाटलीतलं लेबलवरच्या मापानं मिसळलेलं खत, आणि तासाभरानं पुन्हा एक वाचन. इतकंच मोजायचं आहे.