कोर्ट यजमानाचं!

खेळपट्टीवरचं भांडण नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी होती आणि खेळपट्टीवर गवत होतं. भारतीय फिरकीपटूंच्या उपयोगाचं तिथे काही नव्हतं. सामन्याच्या सकाळी सौरव गांगुली संघाबाहेर गेला, ऑस्ट्रेलियाने ३४२ धावांनी सामना जिंकला आणि त्यासोबत १९६९ नंतर पहिल्यांदा भारतात मालिकाही जिंकली. अकरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, जामठ्याला सगळं उलटं झालं. दक्षिण आफ्रिका पहिल्या डावात ७९ वर गारद, अश्विनला सामन्यात १२ बळी, तिसऱ्या दिवशी खेळ खलास. मग आयसीसीने खेळपट्टीवर ‘निकृष्ट’ असा शेरा मारला. म्हणजे पाहुण्याला सोयीची केली तरी बोलणी, आपल्याला सोयीची केली तरी बोलणी.

टेनिसमध्ये मात्र एक स्पर्धा अशी आहे की तिथे यजमानाने आपल्या सोयीचं मैदान करणं हा गुन्हा नाही, नियमाने दिलेला हक्क आहे. ती म्हणजे डेव्हिस कप. देशादेशांच्या पुरुष संघांची ही स्पर्धा १९०० सालापासून चालू आहे. तिच्या बातम्यांमध्ये आपण कोण खेळणार, कोण रुसला, कर्णधार कोण, एवढंच वाचतो. लढत कुठे आणि कशाच्या कोर्टवर, ही ओळ बहुतेक जण ओलांडून जातात. निम्मी गोष्ट त्या ओळीत असते.

आधी रचना. एका लढतीत पाच सामने: चार एकेरी, एक दुहेरी. ज्याचे तीन आधी झाले तो देश जिंकला. पूर्वी हे तीन दिवस चालायचं आणि प्रत्येक सामना पाच सेटचा असायचा. आता दोन दिवस आणि तीन सेट. खेळाडू नसलेला कर्णधार कोर्टलगतच्या खुर्चीत बसतो आणि बाजू बदलताना खेळाडूच्या कानाशी लागतो. दोन देशांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जायचं. मागची लढत तुमच्याकडे झाली असेल तर पुढची आमच्याकडे, मध्ये वीस वर्षं गेली तरी हिशेब चुकत नाही. पूर्वी कधी गाठच पडली नसेल तर चिठ्ठी टाकून ठरवतात. ज्याची पाळी, तो शहर निवडतो, कोर्ट निवडतो, चेंडूही निवडतो.

गंमत म्हणजे कोर्टबद्दलची तक्रार या स्पर्धेइतकीच जुनी आहे. हार्वर्डचा विद्यार्थी ड्वाइट डेव्हिसने चांदीचं भांडं करवून घेतलं आणि ऑगस्ट १९०० मध्ये बॉस्टनजवळच्या लाँगवुड क्लबवर ब्रिटिशांना खेळायला बोलावलं. अमेरिका ३-० ने जिंकली. पाहुण्यांतल्या रोपर बॅरेटने नंतर लिहून ठेवलं की गवत इंग्लंडमधल्यापेक्षा दुप्पट वाढलेलं, जाळी ढिली आणि चेंडू मऊ. पहिल्याच लढतीचं हे गाऱ्हाणं! पुढे सव्वाशे वर्षांत त्यात फार नवी भर पडलेली नाही.

कोर्टचा एवढा काय फरक पडतो? गवतावर चेंडू घसरतो आणि बुटक्या उसळीने पुढे निघून जातो. जोरदार सर्व्हिस करून जाळीकडे धावणाऱ्याचं तिथे फावतं. मातीवर चेंडू टप्पा पडताच मंदावतो आणि खांद्यापर्यंत उसळतो. मागच्या रेषेवर तासन् तास उभा राहून घाम गाळणाऱ्याची ती जागा. जिमखान्यांची जुनी मातीची कोर्टं ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, सकाळी मार्कर पाणी मारायचा, रोलर फिरवायचा, फक्कीने रेषा आखायचा. पाणी कमी पडलं तर दहा वाजता कोर्ट भुसभुशीत, जास्त झालं तर चिकट. चेंडू कसा वागणार हे सकाळी त्या माणसाच्या हातात असायचं. हार्ड कोर्टवर हाच खेळ रंगाच्या डब्यात होतो. काँक्रीट किंवा डांबराच्या थरावर ॲक्रिलिक रंगाचे हात देतात, त्या रंगात बारीक वाळू मिसळलेली असते. वाळू जास्त किंवा भरड असेल तर चेंडूला पकड मिळते आणि कोर्ट मंद होतं. वाळू बारीक असेल किंवा वापराने घासली गेली असेल तर कोर्ट वेगवान होतं. नागपुरात रामनगरच्या टेनिस संकुलात वा कुठल्याही कोर्टवर तळवा फिरवून पाहा, काचपेपरसारखा खरखरीतपणा लागेल. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टांची संथ ते वेगवान अशा पाच वर्गांत विभागणी करतो, ती उगाच नाही.

या हक्काचा सगळ्यात मिश्कील वापर पॅराग्वेने केला. ऐंशीच्या दशकात या छोट्या देशाने आसुन्सिऑनमध्ये बंदिस्त सभागृहात अतिवेगवान लाकडी कोर्ट अंथरून झेकोस्लोव्हाकिया आणि फ्रान्ससारख्या बलाढ्य संघांना घरी धाडलं. आपल्या शेजाऱ्यांनीही हे करून पाहिलंय. २०१९ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून पाकिस्तानच्या हातून घरचं मैदान गेलं, लढत कझाकस्तानात नूर-सुलतानला झाली आणि भारत ४-० ने जिंकला. २०२४ मध्ये भारतीय संघ साठ वर्षांनी इस्लामाबादला गेला तेव्हा पाकिस्तानने गवत निवडलं, कारण चाळिशी ओलांडलेल्या ऐसाम-उल-हक आणि अकील खानचा हात गवतावर बसलेला. तरी निकाल पुन्हा ४-०. मैदान घरचं असून भागत नाही, खेळाडूही लागतात.

भारताचं घर म्हणजे गवत, असं पिढ्यान् पिढ्या ठरून गेलं होतं. कोलकात्याचा साउथ क्लब आणि दिल्लीचा जिमखाना ही त्याची ठाणी. १९६६ मध्ये कोलकात्यात रामनाथन कृष्णनने ब्राझीलच्या थॉमस कॉखविरुद्ध चौथ्या सेटमध्ये २-५ वरून सामना खेचला आणि भारत पहिल्यांदा अंतिम लढतीला मेलबर्नला गेला. १९९५ मध्ये दिल्लीत लिअँडर पेस क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचविरुद्ध दोन सेट गमावून बसला होता. मग त्याने पुढचे तीन घेतले आणि भारत ती लढत ३-२ ने जिंकला. इव्हानिसेविच काही गवताला घाबरणारा नव्हता, पुढे विम्बल्डन जिंकला. पण दिल्लीच्या गवतावर चेंडू विम्बल्डनपेक्षाही खाली राहतो, आणि सहा फुटांहून उंच माणसाला घोट्यापाशी वाकायला लावणं हे पेसला चांगलं जमायचं.

या सगळ्यात महाराष्ट्राच्या वाट्याला सर्वांत मोठी लढत आली १९७४ मध्ये. आधी मे महिन्यात कोलकात्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं. टायब्रेकर नव्हता, त्यामुळे सेट लांबतच जायचे. विजय आणि आनंद अमृतराज यांनी दुहेरी जिंकली ती १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४ अशी. एकेरीत जसजित सिंगने बॉब गिल्टिननला ११-९, ९-११, १२-१०, ८-६ असं नमवलं. पाच सामन्यांत मिळून ३२७ गेम झाले, आणि हा आकडा डेव्हिस कपच्या इतिहासात कोणत्याही लढतीपेक्षा मोठा आहे. मे महिन्यातलं कोलकाता, पाहुणे ऑस्ट्रेलियन! घरच्या हवेचाही हक्क असतो, फक्त तो नियमात लिहिलेला नसतो.

त्यानंतर उपांत्य लढत पुण्यात आली. समोर सोव्हिएत संघ, त्यांचा हुकमी एक्का अलेक्स मेट्रेवेली, आदल्याच वर्षीचा विम्बल्डनचा उपविजेता. भारताने ती लढत ३-१ ने जिंकली. डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत जाण्याची भारताची ती दुसरी वेळ, आणि खरं तर कप जिंकण्याची सर्वांत चांगली संधी. कारण पलीकडच्या गटातून आला होता दक्षिण आफ्रिका. चांगला संघ, पण अजिंक्य म्हणावा असा नव्हे.

भारत खेळला नाही. वर्णभेदी राजवटीशी क्रीडासंबंध ठेवायचे नाहीत ही देशाची भूमिका होती आणि सरकारने ती टेनिससाठी मोडली नाही. दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल मिळून कप गेला. न खेळताच विजेता ठरलेली ही डेव्हिस कपच्या इतिहासातली एकमेव अंतिम लढत. अमृतराज बंधू तेव्हा विशीत होते, म्हणजे कप उंचावण्याची वेळ पुन्हा येईल असं वाटण्याचं वय. माझं मत विचाराल तर निर्णय बरोबरच होता. ज्या देशाच्या घरात कातडीचा रंग पाहून जागा ठरते, तिथे पाहुणा म्हणून जाण्यात कसलं आलंय टेनिस? पण त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हे आपण फार कमी वेळा आठवतो. पुण्यात जिंकलेल्या त्या लढतीचा पुढचा अंक खेळलाच गेला नाही, आणि म्हणूनच ती लढत मराठी माणसाच्या आठवणीतून इतकी पुसली गेली असावी.

विजय अमृतराजला अंतिम लढत मिळाली ती तेरा वर्षांनी. १९८७ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला सिडनीत गवतावर ३-२ ने हरवलं, निर्णायक सामन्यात रमेश कृष्णनने वॉली मसूरला लोळवलं. अंतिम लढतीच्या स्वीडिश यजमानांनी हे नीट पाहिलं होतं. डिसेंबरात गोथेनबर्गच्या बंदिस्त स्टेडियममध्ये त्यांनी माती अंथरली. मॅट्स विलँडर आणि अँडर्स यारीड त्या मातीवर वाढलेले. भारत ०-५. कुणी तक्रार केली नाही, करायला जागाच नव्हती.

महाराष्ट्राचं या स्पर्धेशी नातं खेळाडूंमुळेही आहे. नंदन बाळ, नितीन आणि संदीप कीर्तने ही नावं टेनिसवाल्यांना परकी नाहीत. मला सगळ्यात आवडते ती नाटेकरांची कहाणी. सांगलीचे नंदू नाटेकर पोरवयात टेनिस खेळायचे. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते हरले, आणि हरवणारा होता रामनाथन कृष्णन! नाटेकर बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. बापाने सोडलेला खेळ मुलाने उचलला. गौरव नाटेकर डेव्हिस कप खेळला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्याने पेसच्या जोडीने दुहेरीचं सुवर्णपदक आणलं.

पुण्याकडे डेव्हिस कप परत यायला ४३ वर्षं लागली. फेब्रुवारी २०१७, बालेवाडी, समोर न्यूझीलंड. या वेळी निवडलं हार्ड कोर्ट. भारताचा कर्णधार होता १९७४ च्या संघातला आनंद अमृतराज, आणि कर्णधार म्हणून ही त्याची शेवटची लढत. युकी भांबरी आणि रामकुमार रामनाथन यांनी पहिल्या दिवशी दोन्ही एकेरी जिंकल्या. दुसऱ्या दिवशी स्टेडियम भरलं ते पेससाठी. दुहेरीतले ४२ विजय त्याच्या नावावर होते, इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीच्या बरोबरीने. एक विजय आणि जागतिक विक्रम. पण पेस आणि विष्णुवर्धन ही जोडी सिताक आणि व्हीनस यांच्याकडून हरली. भारताने लढत ४-१ ने जिंकली, तरी लोक घरी गेले ते त्या एका पराभवाबद्दल बोलत. पेसला ४३ वा विजय मिळाला तो पुढच्या वर्षी चीनमध्ये, तियानजिनला. परक्याच्या घरी.

पुण्याचं ते हार्ड कोर्ट मला महत्त्वाचं वाटतं. कारण आजचे भारतीय खेळाडू हार्ड कोर्टवरच वाढतात. महाराष्ट्रात गवताचं कोर्ट शोधायला निघालात तर बरीच पायपीट होईल. तरी घरी मोठा पाहुणा आला की आपल्याला गवत आठवतं. १९९३ मध्ये चंदीगडला ऑस्ट्रेलियासमोर गवत अंथरलं आणि ०-५ ने हरलो, गवत तर त्यांचंही घरचं. २०१९ मध्ये कोलकात्यात इटलीसमोर गवत, १-३. त्या इटालियन संघातला मातेओ बेरेत्तिनी दोन वर्षांनी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत होता. २०२२ मध्ये दिल्लीच्या गवतावर डेन्मार्कला ४-० ने हरवलं हे खरं, पण होल्गर रून त्या संघात नव्हता. यजमानाचा हक्क तेव्हाच कामाचा, जेव्हा कोर्ट खरोखर तुमचं असतं. सिव्हिल लाइन्सचा २००४ चा धडा हाच होता.

हा हक्कच आता आक्रसत चाललाय. २०१८ मध्ये ऑर्लँडोला मतदान झालं आणि फुटबॉलपटू जेरार्ड पिकेच्या कंपनीच्या पैशावर स्पर्धा बदलली. पंचवीस वर्षांचा करार पाच वर्षंही टिकला नाही, जानेवारी २०२३ मध्ये मोडला. पण अंतिम टप्पा एकाच शहरात खेळवण्याची पद्धत राहिली. घरी-दारी जाणं उरलं ते पात्रता फेऱ्या आणि खालच्या गटांपुरतं. शेवटच्या आठ संघांपैकी सात जण परक्या शहरात खेळतात, एक यजमान मात्र सुखात. २०२५ मध्ये ती फेरी इटलीतल्या बोलोन्याला झाली आणि जिंकलं कोण? इटली.

भारतासाठी २०२५ ची लक्षात ठेवण्यासारखी लढत सप्टेंबरमधली, स्वित्झर्लंडमध्ये बीलला. युरोपात जाऊन युरोपीय देशाला हरवण्याचा प्रसंग १९९३ च्या फ्रान्सविरुद्धच्या विजयानंतर आलाच नव्हता. पहिल्या सामन्यात पदार्पण करणारा दक्षिणेश्वर सुरेश, क्रमवारीत ६२६ वा, समोर १५५ वा जेरोम किम. दक्षिणेश्वर जिंकला. सुमित नागलने दोन्ही एकेरी घेतल्या आणि भारत ३-१. ताडमाड उंच, जोरदार सर्व्हिस करणारा हा तमिळ मुलगा तेव्हा अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळत होता, म्हणजे वर्षभर हार्ड कोर्टवर. बीलचं कोर्टही बंदिस्त आणि हार्ड होतं. ते स्विस लोकांनीच निवडलं होतं.