काळ्या खपलीचा ताप

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखान्यांची दाटी. पावसाळ्यात तिथे तापाचा रुग्ण आला, की आधी डेंग्यू-मलेरियाचीच शंका. 2018च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र विदर्भात वेगळंच नाव गाजलं: स्क्रब टायफस.

अमेरिकेत गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचा हा दूरचा भाऊबंद म्हणावा. अमेरिकेचा ईशान्य भाग, युरोप ही लाइमची मुख्य ठाणी. स्क्रब टायफसचा टापू आपल्याकडचा: जपान, पाकिस्तान आणि उत्तर ऑस्ट्रेलिया यांना जोडणारा त्रिकोण. त्यात भारत आलाच.

ओरिएंशिया सुत्सुगामुशी हे जिभेची परीक्षा पाहणारं जंतूचं नाव. झाडाझुडपांतल्या, उंच गवतातल्या चिगर नावाच्या सूक्ष्म अळ्या चावल्या की तो अंगात शिरतो. चावा दुखत नाही. काखेत, जांघेत, कमरेशी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. पण ती सगळ्यांनाच दिसते असं नाही, आणि निदान तिथेच अडतं. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदूपर्यंत मजल जाते.

औषध मात्र जुनं नि स्वस्त: डॉक्सिसायक्लिन. वेळेत मिळालं, तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.